सत्यवतीचा निळा धूर

माझ्या वडिलांना माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. आई रुसली आहे हे त्यांना संध्याकाळी कुणीतरी सांगावं लागायचं. पण लॉरीच्या मागून निघणारा धूर दिसला की त्या लॉरीचं पोट, छाती, घसा, सगळं त्यांना कळायचं. देवराव वैरागडे म्हणजे धुराचा वैद्य, असं नागपूरच्या संत्र्याच्या बाजारात लोक म्हणत. बाबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यात नम्रता वगैरे काही नव्हती. माणसानं पुन्हा एकदा म्हणावं, एवढीच इच्छा.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा आणि हटायचं नाव घेत नाही, म्हणजे पाणी आत शिरलंय. आणि निळा धूर म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजून इंजिनातलं तेल जळतंय. हे लहानपणी आम्ही पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. सक्करदऱ्याला तलावाजवळ आमचं घर. तिथून लॉरी गेली की बाबा जेवता जेवता मान वर करायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "याच्या रिंगा गेल्या." हातातला घास तसाच. आई म्हणायची, "तुमचं वरण थंडं होऊन राह्यलं."

बाबांची लॉरी म्हणजे खरं तर भैयाजींची लॉरी. भैयाजी संत्र्याचे व्यापारी. कपाळावर मोठ्ठा टिळा, आवाज त्याहून मोठा. त्यांनी स्वतःच्या आईचं नाव लॉरीच्या कपाळावर रंगवून घेतलं होतं, 'सत्यवती'. त्यामुळे काटोलच्या वाटेवरच्या मळ्यांत लोक म्हणायचे, "सत्यवती आली", "सत्यवती फसली", "सत्यवतीचं टायर बसलं". भैयाजींच्या मातोश्री जिवंत होत्या तोवर त्यांना हे कसं वाटत असेल, याचा विचार कुणी केला नाही. बाबा तिला नावानं कधी हाक मारत नसत. ते नुसतं 'ती' म्हणत. "ती आज नाराज आहे." "तिला चढ नको वाटतो." माझी आई एकदा म्हणाली होती की या घरात 'ती' म्हटलं की मी उठायचं की लॉरीनं, ते आधी ठरवा.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा सत्यवतीच्या पाठीवर कोळशाची टाकी बसवली. लाकडी कोळसा पेटवायचा, त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. सकाळी गाडी सुरू व्हायच्या आधी बाबा पंखा फिरवत बसत आणि चेहरा काळाभोर करून घरी चहाला येत. चढावर सत्यवती अशी धापा टाकायची की संत्र्याच्या पेट्यांवर बसलेले मजूर खाली उतरून तिच्या बाजूनं चालत. त्या गॅसनंच तिचं जुनं इंजिन खाल्लं, असं बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले.

जुन्या इंजिनाचा एक गेज होता. इंजिनात तेल किती आहे ते पाहायची लोखंडी पट्टी. वर बोटात धरायला कडी, खाली तेल भरल्याची खूण म्हणून एक खाच. रोज सकाळी बाबा गेज ओढून काढायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायचे, परत घालून बाहेर काढायचे, उजेडात धरायचे आणि मग कपाळाला लावायचे. कडीवर कुंकवाचा थर बसला होता. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो गेज आमच्या देवासमोर पाटावर यायचा. विळा, कुऱ्हाड, आईची भाजी चिरायची पावशी, बाबांचे पाने आणि मधोमध गेज. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एरवीही त्याला बाबांशिवाय कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. नानाजींनाही नाही.

नानाजी म्हणजे बाबांचे मित्र. कामठी रोडवर त्यांचं मोटारी दुरुस्त करण्याचं लहानसं छप्पर होतं. सगळे त्यांना नानाजी मिस्त्री म्हणत. उंच, हाडकुळे, कमी बोलणारे. बाबा सत्यवती चालवत, नानाजी तिला उघडून परत जोडत, आणि या दोन कामांत थोरलं कोणतं यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. रविवारी नानाजी आमच्याकडे जेवायला. आई पाटवडीचा रस्सा करायची, असा तिखट की डोळ्यांतून पाणी आलं की नानाजी म्हणत, "वहिनी, आज जमलं." त्यांना घरचं कुणी नव्हतं. मला ते तान्ही असल्यापासून खांद्यावर घेऊन फिरले होते.

लढाई संपली, इंग्रज अजून जायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. सत्यवतीचं इंजिन चिरलं होतं, डाग देऊनही पाणी थांबेना. कामठीच्या छावणीतलं लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं होतं. त्यातलं एक इंजिन बाबांनी आणि नानाजींनी मिळून निवडलं. सत्यवतीच्याच जातीचं, पण लष्करासाठी जरा वेगळं बनवलेलं. नानाजींनी ते खोललं, धुतलं, नव्या रिंगा घालून बसवलं. जुनं इंजिन भंगारात जायला निघालं तेव्हा बाबांनी त्यातून आपला गेज तेवढा काढून घेतला. नव्या इंजिनाचा स्वतःचा गेज होता, तो बाबांच्या हातात देऊन नानाजी हात धुवायला गेले. बाबांनी तो पेटीत टाकला आणि कुंकवाचा आपला जुना गेज नव्या इंजिनात घातला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "घर बदललं म्हणून कोणी देव बदलते काय?" मला तेव्हा ते फार आवडलं होतं.

आठवडाभरात सत्यवती निळा धूर सोडू लागली.

थोडाथोडका नाही. बाबा सकाळी गाडी सुरू करायचे आणि आमचं अंगण, शेजारचं अंगण, त्याच्या पलीकडची चिंच, सगळं निळ्या धुरात जायचं. मला आधीच कोरडे उमासे येत, त्यात हा जळक्या तेलाचा वास. बाजारात तर धमालच झाली. "वैद्यबुवा, घरी काहून नाही पाहत?" कुणीतरी ओरडायचं आणि सगळे हसायचे. बाबांना चेष्टा करायला आवडे, करून घ्यायला नाही.

निळा धूर म्हणजे तेल जळतंय, म्हणजे रिंगा खराब. बाबांचा हिशेब सरळ होता. ते नानाजींकडे गेले. नानाजींनी इंजिन उघडलं. रिंगा नव्या, सिलिंडर ठीक. त्यांनी सगळं पुसून परत जोडलं आणि आपल्या मापानं तेल भरून दिलं. दोन-चार दिवस सत्यवती अगदी शहाण्यासारखी वागली. मग बाबांनी गेज पाहिला, तेल कमी दिसलं, त्यांनी भरलं. परत निळा धूर. परत नानाजींकडे. परत तेच.

"नवीन इंजन तेलाचं भलतंच भुकेलं हाये," बाबा म्हणायचे आणि दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणखी तेल ओतायचे.

माझी आई गोपिका, तिला लॉरीचं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. एकदा ती अंगणात भांडी घासता घासता म्हणाली, "तुमी तेल पाजलं का ही खोकते. नाही पाजलं का गप राहते. पाह्यलं का तुमी?"

"तुले इंजनातलं काय समजते वं?"

"इंजनातलं नाही समजत. पाजण्यातलं समजते. पोरं वाढवली मी."

बाबा हसले आणि उठून गेले. तेव्हाच ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मला आजही त्याचा राग येतो.

पुढचं झालं ते असं. एके सकाळी बाजारात सत्यवतीच्या धुरानं दोन टांग्यांची घोडी बुजली, संत्र्याच्या पेट्या सांडल्या. भैयाजी सगळ्यांसमोर बाबांवर ओरडले. बाबांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "मले काय बोलता? नानाजीले बोला. नव्या म्हणून जुन्या रिंगा टाकल्या त्यानं."

रागाच्या भरात बोलले. पण बोलले. आणि बाजारात बोललेलं वाक्य संध्याकाळच्या आत कामठी रोडपर्यंत जातं.

नानाजी त्याच दिवशी घरी आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. आईनं पाट मांडला तरी आत आले नाहीत.

"देवराव, तुह्या गाडीच्या पोटात हात घालून घालून माहे हात म्हातारे झाले. अन् तू बाजारात सांगून राह्यला का मी जुन्या रिंगा टाकल्या?"

"मंग धूर काहून येऊन राह्यला? सांग ना!"

"थे मले नाही माहीत. पण बेइमानी मी नाही केली. आता ह्या उंबऱ्यावर माहा पाय पडणार नाही."

ते वळून गेले. जाताना माझ्याकडे पाहून थांबल्यासारखे झाले, पण बोलले नाहीत. खांद्यावर घेऊन फिरवलेल्या मुलीशी बोलावं की नाही, असा प्रश्न त्या माणसाला पडावा, यापरतं वाईट मी माझ्या बापाच्या घरी काही पाहिलं नाही.

त्यानंतर भैयाजींनी नानाजींकडचं काम बंद केलं. भैयाजींचं पाहून दुसऱ्यांनीही. हे बाबांच्याही कानावर आलं. रविवारी आई पाटवडी करायची आणि नेहमीसारखाच नानाजींचाही वाटा करायची. तो वाटा झाकून राहायचा. बाबा जेवताना त्या झाकलेल्या वाटीकडे पाहायचे नाहीत, इतकं पाहायचे नाहीत की आम्हा दोघींना कळायचं. पण माफी मागायची कशाची? धूर तर येतच होता. बाबांच्या लेखी धूर खोटं बोलत नाही. नानाजी बोलले असतील, धूर नाही.

नवरात्र आलं. खंडेनवमीला सकाळी आईनं पाट मांडला, बाबांनी हत्यारं धुऊन ठेवली, मधोमध गेज. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, दूध-साखर. पूजा आटोपते न आटोपते तोच दारात टांगा थांबला आणि भैयाजी स्वतः उतरले; दसऱ्यापुरता ते झेंडूचाही धंदा करत.

"देवराव, फुलं कन्हानले अडकून राह्यली. भाड्याची लॉरी बंद पडली. उद्या दसरा, अन् माहा झेंडू पुलापलीकडे सुकून राह्यला. सत्यवती काढ बाप्पा लवकर."

बाबा निघाले. पण तेल न पाहता गाडी सुरू करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते घरात आले आणि पाटाकडे हात नेला.

"हात नका लावू!" आई ओरडली. "उत्तरपूजा उद्या."

"मले तेल पाहाचं हाये."

"दुसरं काही घ्या अन् पाहा. त्याले हात नाही लागणार."

बाबा चरफडत बाहेर गेले. पेटी उपसली. पाने, तारा, चिंध्या, आणि त्यांच्या खाली तो नव्या इंजिनाचा गेज, नानाजींनी हातात दिलेला आणि त्यांनी कधी न वापरलेला. पुसला, इंजिनात घातला, काढला, उजेडात धरला. मी ओट्यावर बसून पाहत होते. त्यांनी परत पुसला, परत घातला, परत काढला. मग तो हातात धरून ते तसेच घरात आले, तेलकट हातांनी, आणि पाटासमोर उकिडवे बसले. आई परत ओरडणार होती, पण त्यांनी कशाला हात लावला नाही. लांब गेज त्यांनी पाटावरच्या गेजच्या वर अधांतरी धरला, कडीला कडी जुळवून.

नवा गेज जुन्यापेक्षा चांगला दीड बोट लांब होता.

मला लगेच कळलं नाही, बाबांनाच सांगावं लागलं. नव्या इंजिनाला लांब गेज लागतो. आखूड गेज घातला तर तो तेलाला जेमतेम टेकतो, म्हणून तेल भरपूर असलं तरी कमी दिसतं. कमी दिसलं की बाबा ओतणार. ओतलेलं जास्तीचं तेल उसळून वर चढणार आणि जळणार. धूर निळा. जळून जळून तेल बरोबर मापावर आलं की धूर बंद. मग बाबा आपला देव बाहेर काढणार, तेल कमी बघणार, परत ओतणार.

धूर खरंच खोटं बोलत नव्हता. बाबांनी त्याला विचारलं मात्र भलतंच.

ते गाडीखाली शिरले, खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं तेल डब्यात काढलं. लांब गेजच्या खाचेवर आणलं आणि गेले. सायलेन्सरात साचलेलं तेल जळेपर्यंत थोडा धूर येत राहिला, कामठीपुढे तोही थांबला. दुपारी सत्यवती बाजारात फुलं उतरवून घरी आली. फाळक्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या, आणि मागे काही नाही. नुसती हवा.

जेवताना बाबांनी भात नुसताच कालवला. मग म्हणाले, "नवीन रिंगा बसाले टाइम लागतेच. बाजारात सांगून देतो, बसल्या आता म्हणून. कोणाले काय समजते?"

खरं होतं. कुणाला काही समजलं नसतं. भैयाजींनी काम परत नानाजींना दिलं असतं, बाबांची वैद्यकी शाबूत राहिली असती. मीच आवाज चढवून विचारलं, "अन् नानाजीकाका? जुन्या रिंगा टाकणारे थे टाकणारेच राह्यले का?"

आईनं नानाजींची झाकायची वाटी काढून मध्ये ठेवली, रिकामीच, रविवार नसताना.

दसऱ्याला संध्याकाळी संत्र्याच्या बाजारात सगळ्या लॉऱ्या झेंडूच्या माळा घालून उभ्या असत. ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, हमाल, सगळे. दरवर्षी सत्यवतीपुढचा नारळ नानाजी फोडायचे. त्या वर्षी ते लांब, दुसऱ्याच लॉरीच्या आडोशाला उभे होते. आई आणि मी सत्यवतीच्या केबिनमध्ये बसलो होतो. बाबांच्या एका हातात आपट्याची पानं होती आणि दुसऱ्या हातात दोन्ही गेज. उत्तरपूजा झाली होती, जुन्यावरचं कुंकू ओलंच होतं.

ते नानाजींजवळ गेले नाहीत. मधोमध उभे राहिले आणि जोरात म्हणाले, "नानाजी! रिंगा बरोबर हायेत तुह्या."

लोक त्यांच्याकडे वळले.

"गेज चुकला माहा. जुन्या इंजनाचा गेज नव्यात घालून राह्यलो होतो, अन् तेल वाढवत गेलो. बेइमान म्हटलं मी तुले ह्याच जागेवर. म्हणून ह्याच जागेवर सांगून राह्यलो."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "वैद्यबुवाची नाडीच चुकली!" मग बरेच हसले. बाबा मान खाली घालून उभे. माझ्या बापाला मी असं उभं राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हा मला त्यांच्याबद्दल जेवढं वाटलं तेवढं त्याआधीही कधी वाटलं नव्हतं.

नानाजी लांब ढांगा टाकत आले. हसणाऱ्यांकडे वळून म्हणाले, "हासून काय राह्यले बे?" मग बाबांच्या हातातले गेज घेतले. जुना गेज त्यांच्या हातात जाताना बाबांचा हात सवयीनं मागे आला आणि थांबला. नानाजींनी दोन्ही कडीला कडी लावून धरले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"मीबी पाह्यलं नाही," ते म्हणाले. "दोनदा इंजन उघडलं, गेज एकदाबी हातात नाही घेतला. तू कोणाले हात लावू देत नाही म्हणून मीबी नाही लावला. असा कसा मिस्त्री मी?"

"फेकून देतो थे," बाबा म्हणाले.

"फेकतं काहून? पूजेतली वस्तू हाये."

त्यांनी सत्यवतीच्या पेटीतून कानस काढली. जुना गेज तिच्या बंपरवर आडवा धरला, लांब गेज शेजारी ठेवून माप घेतलं आणि जुन्या खाचेच्या दीड बोट खाली नवी खाच पाडायला लागले. सगळा बाजार कानशीचा आवाज ऐकत उभा होता. झाल्यावर त्यांनी लोखंडाचा कीस फुंकून उडवला आणि गेज बाबांना दिला.

"हाच वापर. पण आता वरची खाच विसर. खालची खरी."

बाबांनी आपट्याची पानं पुढे केली. नानाजींनी ती घेतली, बाबांना मिठी मारली आणि केबिनकडे पाहून आईला विचारलं, "वहिनी, आज काय रांधलं?"

"पाटवडी," आई म्हणाली. खरं म्हणजे घरी श्रीखंड होतं. पण त्या रात्री आमच्याकडे पाटवडी झाली आणि नानाजींनी उंबरा ओलांडला तेव्हा बाबा उगाचच चुलीजवळ जाऊन धुराची तक्रार करत राहिले.

दिवाळीत मला मुलगा झाला. सत्यवती त्यानंतरही बरीच वर्षं काटोलच्या वाटेवर धावली. मग ती मोडीत गेली, नानाजी गेले, त्यांच्या मागोमाग बाबाही गेले. सत्यवती मोडीत जाताना बाबांनी गेज परत काढून घेतला होता. तो आता माझ्याकडे आहे. माझ्या सुनेला वाटतं ती जुन्या छत्रीची काडी असावी. खंडेनवमीला मी तो पाटावर मांडते आणि त्याला कुंकू लावते. खालच्या खाचेला आधी.